गंगुबाईंचं नाव फळ्यावर

घोडपदेवची नवी चाळ आता नव्वद वर्षांची आहे. तिच्या मागच्या दोन चाळी पाडून टॉवर उभे राहिले, समोरची बेकरी जाऊन मोबाइलचं दुकान आलं, पण ही मात्र नवीच राहिली. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला नवतरुण क्रीडा मंडळाचा फळा आहे. या नवतरुणांतला सगळ्यात लहान कार्यकर्ता चोपन्न वर्षांचा आहे, पण त्यावर कोणी काही बोलत नाही.

फळ्याचे मालक दत्ताराम राणे. तसं त्यांना कोणी नेमलेलं नाही. पण बत्तीस वर्षं रोज पहाटे जो माणूस ओल्या फडक्याने फळा पुसतो आणि त्यावर सुविचार लिहितो, त्याला मालक नाही तर काय म्हणायचं? गिरणीत ते टाइमकीपर होते. गिरणी गेली, वेळ पाळायची सवय तेवढी उरली. सुविचार, पाण्याच्या वेळा, दहावीचे निकाल, मंडळाच्या मीटिंगा, सगळं त्यांच्या तिरक्या, रेखीव अक्षरात यायचं. चाळीत कोणी वारलं की त्या दिवशी सुविचाराला सुट्टी. मग फळ्याच्या चारी बाजूंनी पांढऱ्या खडूची किनार, मध्यभागी ठळक नाव आणि खाली चार चांगले शब्द.

पुरुषांची नावं फळ्यावर एरवीही असायची. अध्यक्ष, खजिनदार, कॅरम स्पर्धेचे विजेते. मुलींची नावं दहावीच्या निकालात यायची. पण लग्न होऊन चाळीत आलेल्या बाईचं नाव फळ्यावर यायचं ते एकदाच, पांढऱ्या किनारीत. हा काही कोणी केलेला नियम नव्हता. तसं होत आलं होतं आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

गेल्या ऑगस्टात दत्तारामांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दीड महिना खडूच्या धुळीजवळ जायचं नाही म्हणून बजावलं. फळा कोणाच्या हाती द्यायचा यावर मंडळाची दोन वेळा मीटिंग झाली. नवतरुणांपैकी एकालाही पहाटे उठवेना. शेवटी दत्ताराम काळा चष्मा लावून तळमजल्यावरच्या दोन नंबरच्या खोलीपाशी गेले आणि चंपा तावडेला म्हणाले, "चंपाबाई, तुमचं दार फळ्याला लागून आहे. अक्षर बरं आहे. पाण्याला उठताच तुम्ही. तेवढं दीड महिना बघा."

चंपा साठीची. तीस वर्षं परळच्या एका हॉस्पिटलात आया होती, आता निवृत्त. तिचं तोंड अख्ख्या चाळीला माहीत होतं. नळावर कोणी घुसलं, जिन्यात कोणी पचकन थुंकलं, की चंपाचा आवाज दुसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. शिव्या घालायला तिचं तोंड असं धावायचं. पण कोणाला दोन चांगले शब्द बोलायचे म्हटले, की घशात सुपारी अडकावी तशी ती थांबायची. मुलाच्या लग्नात सुनेला जवळ घेऊन तिने काय म्हटलं असेल? "पंख्याखाली बस, घामाघूम झालीयेस." आशीर्वाद म्हणायचा तर तेवढाच.

दत्तारामांनी पांढऱ्या खडूंचा खोका दिला आणि सुविचारांची वही दिली. रंगीत खडू मात्र स्वतःच्या कपाटात ठेवले, कारण रंगीत खडू कसे वापरायचे याची समज सगळ्यांना नसते असं त्यांचं मत होतं. चंपाने तीन दिवस वहीतले सुविचार मुकाट उतरवले. चौथ्या दिवशी वहीत निघालं ते गृहिणीबद्दल. तिने समईसारखं जळून घर उजळावं, असं काहीसं. चंपाने ते दोनदा वाचलं. पहाटेपासून तिचा गुडघा दुखत होता, सिलिंडर संपला होता, आणि वर हे. तिने वही मिटली आणि फळ्यावर लिहिलं:

"आज कोणाला काही शिकवायचं नाही. काल भेंडी जून निघाली. तरी घरात कोणी काही बोललं नाही, सगळी खाल्ली. बरं वाटलं. — तळमजला."

नाव टाकायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. सात वाजेपर्यंत फळ्यासमोर आठ-दहा माणसं जमली. पुरुषांनी डोकं खाजवलं. बायका वाचून हसल्या, आणि हसून तिथेच थांबल्या. चंपाच्या सुनेने, श्रेयाने, फोटो काढून चाळीच्या ग्रुपवर टाकला. रात्री पहिल्या मजल्यावरची मेघना सावंत चंपाच्या दारात आली. तिच्या हातात ऑफिसच्या कागदाची चिठ्ठी होती. "काकी, उद्या हे टाकाल? नाव नको हं."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं: "एकवीस वर्षं नोकरी करते. संध्याकाळी घरी आले की आत जाण्याआधी पाच मिनिटं कठड्याला टेकून उभी राहते. तेवढी पाच मिनिटं माझी आहेत. तेव्हा मला कोणी काही विचारू नये. — पहिला मजला."

आता पहिल्या मजल्यावर कठड्याला टेकून कोण उभं राहतं हे चाळीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. पण त्या दिवसापासून मेघना कठड्याला टेकली, की समोरच्या खोलीतला टीव्हीसुद्धा हळू व्हायचा. लिहिल्याने असं काही होतं, हे चंपाने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मग चिठ्ठ्यांना खंड पडला नाही. कोणी भाजीच्या पिशवीतून आणून द्यायचं, कोणी मुलाच्या हाती वहीचं पान पाठवायचं. नवऱ्याच्या दारूबद्दल एकीने लिहिलं, दोनच ओळी, आणि त्या दिवशी चाळ फार शांत होती. एकीने लिहिलं की तिला नटायला आवडतं आणि पन्नाशीनंतरही आवडणार आहे. आणि एक दिवस आलं: "मंडळाच्या मीटिंगचा चहा आम्ही करतो. एकदा मीटिंगलाही बोलवा. चहा तुम्ही करा. — दुसरा मजला." यावर नवतरुणांनी तातडीची मीटिंग घेतली. चहा आला नाही, म्हणून ती लवकर संपली.

दत्ताराम रोज काळा चष्मा लावून फळ्यासमोर उभे राहायचे. कोणाकडून तरी वाचून घ्यायचे, काही बोलायचे नाहीत, फक्त समास सोडला आहे की नाही तेवढं विचारायचे.

या सगळ्यात चंपा खुशीत होती. आणि मग सप्टेंबरच्या शेवटी दुसऱ्या मजल्यावरून बातमी आली, की सव्वीस नंबरची गंगूमावशी रविवारी बदलापूरला जाणार. कायमची.

गंगुबाई परब एकोणऐंशीची होती. गुडघे गेले होते, दोन जिने चढवत नव्हते, सामायिक संडासापर्यंतची गॅलरीही आता तिला लांब वाटायची. तिचा मुलगा रघुवीर गेली दोन वर्षं मागे लागला होता. त्याच्या इमारतीला लिफ्ट होती. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. तरी चंपाला ते ऐकून चैन पडेना.

कारण असं, की चंपाचा नवरा वारला तेव्हा तिचा वैभव नऊ महिन्यांचा होता. हॉस्पिटलात आयाची नोकरी लागली ती तीन पाळ्यांची. माहेर कणकवलीला, सासरचं कोणी विचारेना. मूल कुठे ठेवायचं याचा विचार करत ती उंबऱ्यात बसली होती, तेव्हा ही बाई दोन जिने उतरून आली, पोराला उचलून कडेवर घेतलं आणि वर निघून गेली. एक शब्द बोलली नाही. पुढची दहा वर्षं वैभव सव्वीस नंबरमध्ये वाढला. आता तो तेहतीस वर्षांचा आहे, एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. आणि या तेहतीस वर्षांत चंपाने गंगूमावशीला त्याबद्दल एकदाही काही म्हटलं नव्हतं. भांडी घासून दिली होती, आजारपणं काढली होती, मासळी आधी तिच्याकडे पाठवून मग स्वतःकडे शिजवली होती. पण म्हटलं काही नव्हतं. रविवारी टेंपो आला आणि हे तसंच राहून गेलं, तर उरलेल्या आयुष्यात आपल्याला सुखाची झोप लागायची नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

सोमवारी ती वर गेली. मावशी तांदूळ निवडत होती. चंपा समोर बसली, बराच वेळ बसली आणि म्हणाली, "किडे झालेत का?"

"नाय," मावशी म्हणाली.

बुधवारी पुन्हा गेली. मावशीच्या साड्यांच्या घड्या घालून दिल्या आणि परत आली. गुरुवारी मात्र तिने घरी आरशासमोर वाक्य पाठ केलं होतं. जिना चढताना ते पुन्हा पुन्हा म्हटलं आणि दारातच सुरू केलं, "मावशी, तुझे माझ्यावर लय उपकार..."

गंगूमावशीने हातातलं काम खाली ठेवलं. "उपकार? उपकार परक्यांचे मानतत गो. मी परकी काय तुका?"

ती खरोखरच दुखावली होती. आपल्याकडे जवळच्या माणसाचे आभार मानायचे म्हणजे त्याला घराबाहेर उभं करायचं. चंपाने स्वतःही आयुष्यभर हेच ऐकलं होतं, हेच दुसऱ्यांना सुनावलं होतं. ती खाली आली. श्रेयाने विचारलं, "झालं का बोलून?" तर तिच्यावरच खेकसली.

मग भाजी चिरता चिरता श्रेया सहज म्हणाली, "आई, सगळ्यांचं लिहिता फळ्यावर. तुमचं पण लिहा की."

चंपाला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. शुक्रवारी दिवसभर ती मनातल्या मनात मजकूर जुळवत राहिली. एक गोष्ट तिने पक्की केली. इथे 'दुसरा मजला' आणि 'तळमजला' चालणार नाही. नाव पाहिजे. पूर्ण नाव, मोठ्या अक्षरात, मधोमध, आल्यागेल्याने वाचावं असं.

शनिवारी पहाटे पावणेपाचलाच ती फळ्यासमोर उभी राहिली. फळा पुसून कोरडा केला. असं चांगलं लिहायचं तर नुसतं कसं लिहायचं, म्हणून चारी बाजूंनी किनार काढली. रंगीत खडू होते दत्तारामांच्या कपाटात, तेव्हा किनार पांढरी. मध्यभागी ठळक अक्षरांत लिहिलं: गंगुबाई सखाराम परब. खाली: "यांच्यासारखी बाई या चाळीत दुसरी झाली नाही." एवढं लिहून झालं आणि नळाला पाणी आलं.

पाणी येतं पाऊण तास. शनिवारी धुणं असतं. चंपा खडू ठेवून धावली. पिंप, कळश्या, बादल्या, सगळं भरून, श्रेयाची ऑफिसची बाटलीसुद्धा भरून ठेवून, मग उरलेलं लिहायचं असा तिचा हिशोब.

त्या पाऊण तासात काय झालं, ते नवी चाळ अजून सांगते. सव्वापाचला दूध आणायला निघालेल्या एकाने फळा पाहिला, चपला काढल्या, हात जोडले आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. साडेपाचपर्यंत तेहतीस जणांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. दोघांनी जुने फोटो शोधून काढले. पावणेसहाला मंडळाचे अध्यक्ष पांढरा सदरा घालून खाली आले आणि सामान आणायला कोण जाणार अशी विचारणा करू लागले. वर जायला कोणी धजेना. घरच्या माणसांना आधी येऊ द्यावं, असं सगळ्यांचं मत पडलं. मेघना डोळे पुसत उभी होती. दत्ताराम सुनेच्या खांद्यावर हात ठेवून आले, फळ्याच्या अगदी जवळ जाऊन एका डोळ्याने किनार तपासली आणि भरल्या आवाजात म्हणाले, "किनार चांगली काढली आहे हो."

चंपा शेवटची बादली ठेवून पदराला हात पुसत बाहेर आली, तो समोर तीसेक माणसं माना खाली घालून उभी.

"कोण गेलं?" तिने विचारलं.

मेघनाने येऊन तिला मिठीच मारली. "काकी, तुम्हाला किती वाटत असेल..."

चंपाने फळ्याकडे पाहिलं. माणसांकडे पाहिलं. पुन्हा फळ्याकडे पाहिलं, पांढऱ्या किनारीकडे, मधल्या नावाकडे. आजवर तीस-चाळीस वेळा तिने असा फळा वाचला होता. किनार काढताना मग आपले डोळे कुठे गेले होते? तिला बोलायचं होतं, की अहो ती जिवंत आहे, मी तिचं चांगलं लिहायला घेतलं होतं. पण नेहमीप्रमाणे चांगलं काही सांगायची वेळ आली आणि तोंडातून शब्द फुटेना.

तेवढ्यात वरून आवाज आला. सव्वीस नंबरचं दार उघडं होतं आणि गंगूमावशी फोनवर बोलत होती. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती फोनवर बोलते ते खालच्या रस्त्यालाही कळतं.

"कोण मेला? कोण सांगल्यान तुका? मी हयसर चाय ठेवतंय आणि तू रडतस कित्याक? नाय रे बाबा, मीच बोलतंय. गप. गप रव. आधी तोंड धू."

बदलापुराहून रघुवीरचा फोन होता; चाळीच्या ग्रुपवर तोही होता. खाली तीस माणसांनी एकदम वर पाहिलं. अध्यक्ष सदऱ्याची बटणं चाचपू लागले. मेघना रडता रडता हसायला लागली आणि तिला ते थांबवता येईना. चंपाला मात्र जमिनीने पोटात घ्यावं असं झालं होतं. एका मुलाला त्याची आई गेली असं वाटून पाच मिनिटं तरी काढावी लागली होती, आणि ते तिच्यामुळे.

मग जिन्यात कठडा धरल्याचा आवाज आला. गेले दोन महिने गंगूमावशी खाली उतरली नव्हती. आज ती एकेक पायरी करत, मध्ये थांबत, उतरत होती. वैभव धावत वर गेला आणि तिच्या कोपराला धरून तिला घेऊन आला. गर्दी बाजूला झाली. कोणीतरी स्टूल आणलं, पण ती बसली नाही. फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. चष्मा वर सरकवला. शाळेत ती चार यत्ता शिकली होती, त्याला सत्तर वर्षं झाली होती. तिने एकेका अक्षरावर बोट धरून स्वतःचं नाव वाचलं. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. मग खालची ओळ वाचली.

"मावशी, मला तसं लिहायचं नव्हतं," चंपा म्हणाली. "पाणी आलं म्हणून अर्धं राहिलं. पुसते मी."

ती फडकं घ्यायला वाकली, तशी मावशीने तिचा हात धरला. "फुडचा खय आसा?"

"काय?"

"ह्याच्या फुडचा. काय लिवणार होतंस ता." मावशी आता स्टुलावर बसली, काठी दोन पायांमध्ये धरली. "लिही. मी वाचतंय."

चंपाने आजूबाजूला पाहिलं. सगळी चाळ समोर. वैभव जिन्याच्या कठड्याला टेकून. तिने खडू उचलला. पहिलं अक्षर पुसून पुन्हा काढावं लागलं. ती लिहीत गेली, आणि तिच्या मागे बसून गंगूमावशी एकेक शब्द मोठ्याने, अडखळत, जोडाक्षरापाशी थांबत वाचत गेली. त्यामुळे झालं असं, की चंपाला जे तेहतीस वर्षं बोलता आलं नव्हतं, ते सगळं गंगूमावशीच्याच तोंडून चाळीने ऐकलं.

"माझा नवरा वारला तेव्हा माझा मुलगा नऊ महिन्यांचा होता. मला तीन पाळ्यांची नोकरी होती. मूल कोण सांभाळेल असं मी कोणाला विचारलंसुद्धा नव्हतं. गंगूमावशी खाली आली आणि त्याला वर घेऊन गेली. दहा वर्षं तो तिच्याकडे जेवला, तिच्याकडे झोपला. त्याला गोवर आला तेव्हा ती एकटी सात रात्री जागली."

"ह्या खोटा," मावशीने वाचन थांबवलं. "मी एकटी खय जागलंय? शेवटच्या दोन रात्री तू होतंस. खाडा करून इल्लंस. ता बदल."

चंपाने 'एकटी' पुसलं आणि 'सात' पुसून 'पाच' केलं. मावशीने मान डोलवली. चंपा पुढे लिहू लागली.

"मी हॉस्पिटलात दुसऱ्यांची माणसं सांभाळली. ती मला सांभाळता आली, कारण माझं माणूस कोणीतरी सांभाळत होतं. माझ्या मुलाने पहिल्यांदा आई म्हटलं ते गंगूमावशीला. तिने मला ते कधी सांगितलं नाही. मी कामावरून आले की ती म्हणायची, आज दिवसभर तुझ्या नावाने रडला."

इथे वाचणं थांबलं. चंपा पाठमोरीच उभी राहिली.

"तुका कोणी सांगल्यान?" मावशीने विचारलं. आता तिचा आवाज हळू होता.

"शेजारच्या चौधरीणबाईंनी. तेव्हाच. दुसऱ्याच दिवशी."

"म्हणजे तुका सगळा ठावक होता."

"हो."

"आणि मी येवढा खोटा बोलत रवलंय."

"रोज," चंपा म्हणाली. "आणि रोज मला बरं वाटायचं."

मावशीने पदराच्या टोकाने चष्मा पुसला. वैभव कठड्यापासून हलला नव्हता. तो खाली बघत होता. दत्तारामांनी काळ्या चष्म्याआड रुमाल नेला आणि सून घाईघाईने म्हणाली, "बाबा, डोळा चोळायचा नाही."

चंपाने खडू पुन्हा फळ्याला लावला. आता फळ्याच्या तळाशी थोडीच जागा उरली होती. तिने लिहिलं, मावशीने वाचलं: "हे मी तिला कधी बोलले नाही. उद्या ती बदलापूरला मुलाकडे जाते आहे. जाण्याआधी मी तिचे..."

शेवटचे दोन शब्द चंपाने लिहिले आणि खाली सही केली. तळमजला नाही लिहिलं. लिहिलं: चंपा बाबाजी तावडे. मग ती वळली.

गंगूमावशी फळ्याकडे बघत होती आणि वाचत नव्हती. ते दोन शब्द तिला कळले होते, जोडाक्षर नव्हतं त्यात एकही. तिने काठीचं टोक त्यांच्याकडे उचललं. "ह्या पूस."

"नाही पुसणार," चंपा म्हणाली.

तेहतीस वर्षांत मावशीच्या शब्दाला तिने कधी नाही म्हटलं नव्हतं. मावशीने तिच्याकडे पाहिलं. "परकी केलंस माका?"

"नाही केलं. परक्यांचे आभार मानायला नुसतं तोंड पुरतं. तुझे मानायला मला तेहतीस वर्षं लागली." चंपा आता उघड रडत होती आणि ते लपवायचं तिच्या ध्यानातही नव्हतं. "तू नको म्हणून मी गप्प बसले, मावशी. पण मला ते नुसतं मनात ठेवून नाही जगता येत. तू घे. एकदा घे. मग जा."

अध्यक्षांनी खाकरायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. गंगूमावशीने काठी खाली टेकली, तिच्यावर भार देऊन ती स्टुलावरून उठली, आणि फळ्याजवळ जाऊन त्या दोन शब्दांखाली बोट धरलं. पहिलीतल्या मुलीसारखं, एकेक अक्षर सुटं करून, तिने ते मोठ्याने वाचले.

"आभार. मानते."

बोट तिथेच ठेवून तिने मान वळवून चंपाकडे पाहिलं.

"मानलंस?"

"मानले," चंपा म्हणाली.

"बरा," गंगूमावशी म्हणाली. "घेतलंय मी."